आडनाव न सांगणारे काका

गिरणगावातल्या चाळीत नवा माणूस आला की आडनाव, गाव आणि गिरणी या तीन गोष्टी तो जिना चढायच्या आत विचारून होत. गोदीतल्या काकांचं आडनाव मात्र आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिलं नाव माहीत आहे, पण तेही इथे लिहीत नाही. ते ज्या मंडळींतले होते, त्यांचा तसा रिवाज आहे. आमच्या घरावर ज्यांचं ऋण आहे, त्यांत त्यांचं सर्वांत मोठं.

आमचे वडील, अण्णा, गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. अण्णा आधीही घ्यायचे, पगाराला, सणावाराला. नंतर सकाळीच गुत्ता. सगळा दोष मी संपावर टाकत नाही. संपात होरपळूनही दारूला न शिवलेली माणसं आमच्याच मजल्यावर होती.

आईने सगळे उपाय केले. देवापुढे शपथा झाल्या, गंडा झाला, पंढरीची माळ झाली. माळ आषाढ सरायच्या आत उतरली. अखेर चाळीखालच्या डॉक्टरांनी तिला एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हे नाव तिला वाचताही आलं नाही. तिने वाण्याच्या दुकानातून फोन लावला आणि त्याच संध्याकाळी दोघं दारात उभे. एक गोदीतले कारकून, मालवणकडचे. दुसरे माहीमचे ख्रिस्ती गृहस्थ.

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आईला वाटलं, आता हे लोक त्यांना चार शब्द सुनावणार. काकांनी अण्णांच्या दारूबद्दल अवाक्षर काढलं नाही. चहा घेत ते स्वतःचीच कथा सांगत राहिले. बायकोचं मंगळसूत्र कसं गहाण पडलं, मुलीच्या शाळेत कसे झिंगून गेले. मग म्हणाले, "सकाळी दाढी करायला बसलो की हात असा कापायचा, की पहिला ग्लास पोटात गेल्याशिवाय वस्तरा धरता येत नसे."

अण्णा कुशीवर वळले. त्यांच्या हनुवटीवर तेव्हा दोन ताजे काप होते. "तुमचापण?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता काका त्यांना न्यायला आले. मिटिंग महापालिकेच्या शाळेच्या वर्गात भरायची. फळ्यावर मुलांचे पाढे, आणि तिसरीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले मोठे गडी. कुटुंबीयांना बसू देत अशा ओपन मिटिंगला आई मलाही घेऊन गेली. एकेक जण उठून नाव सांगे, 'मी दारुडा आहे' म्हणे आणि आपली हकिगत सांगे. कोणी मध्ये बोलत नसे, कोणी उपदेश करत नसे. 'फक्त आजचा दिवस' एवढीच बोली. जन्मभराच्या शपथेखाली आमचे अण्णा तोवर चिरडले गेले होते, म्हणून ही बोली मला फार शहाणपणाची वाटते. शेवटी डबा फिरला. आईने पदराची गाठ सोडून पाच रुपये काढले, तर काकांनी डबा पुढे सरकवला. "नको वहिनी. बाहेरच्यांचे पैसे आम्ही घेत नाही."

पुढच्या गणपतीत अण्णांची स्लिप झाली. विसर्जनाच्या रात्री ते गटाराकडेला सापडले. दुसऱ्या दिवशी काका नेहमीच्या वेळी आले आणि नेहमीसारखंच म्हणाले, "निघायचं?" त्यांच्या त्या एका शब्दाची किंमत आमच्या घराला विचारावी. नातेवाईक, शेजारी, आम्ही पोरंसुद्धा अण्णांकडे बघत नव्हतो.

काका एक गोष्ट नेहमी सांगत, शेजारच्या चाळीत घडल्यासारखी. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्यात हरून हॉटेलात उभा होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. बार हाकेवर होता. त्याने बारऐवजी फोन गाठला आणि आपल्यासारखाच एखादा पिणारा कुठे भेटेल का, याची चौकशी सुरू केली. त्यातून त्याला डॉ. बॉब हे सर्जन भेटले. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो १० जूनचा दिवस ही मंडळी आपला जन्मदिवस मानतात. "बिल बॉबला वाचवायला गेला नव्हता," काका म्हणत, "स्वतः वाचायला गेला होता. मीपण तुमच्याकडे त्यासाठीच येतो. उपकार तुमचे आहेत."

मला हे आजही पूर्ण पटत नाही. त्यांना तगून राहायला दुसरा पिणारा हवा होता, हे खरं. पण गुडघाभर पाण्यातून परळ ओलांडून ते आमच्याच दारी आले. ते ऋण मी ऋणच म्हणणार. पुढे अण्णाही तसाच फोन आला की कोणाच्याही घरी जात, आणि सोबर असतानाच गेले.

आई अल-अनॉनला, पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाला, अजून जाते. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. "आता घरात कोण पितंय, कशाला जातेस?" मी परवा विचारलं.

"एखादी नवी आली," ती चपला शोधत म्हणाली, "तर तिला वर्ग रिकामा दिसायला नको."