घाटावरून बार्नार्डचा तारा

लोणारचे विवर ज्वालामुखीने झाले असे जाणकारही दीर्घकाळ मानत होते. 1970च्या दशकात तिथल्या बेसाल्टमध्ये प्रचंड आघाताने काचेसारखी झालेली खनिजे सापडली आणि वाद मिटत गेला. आज मेहकर-लोणारकडचे शाळकरी पोरही उल्केचे नाव घेते; मात्र पुरावा पाहिलेले विरळाच. खगोलशास्त्रात आपल्या वाट्याला बहुधा असे ऐकीव ज्ञानच येते. म्हणून लोणारच्या या जिल्ह्यात कुणी हौशी माणूस दुर्बिणीला कॅमेरा जोडणार असेल, तर मृगातल्या तेजोमेघाच्या रंगीत छायाचित्राआधी त्याने बार्नार्डच्या ताऱ्याचे एक रुक्ष, तारीख-वेळ नोंदलेले छायाचित्र घ्यावे, असे माझे म्हणणे आहे.

भुजंगधारी तारकासमूहातला हा तांबडा बटुतारा अवघ्या सहा प्रकाशवर्षांवर आहे, तरी साडेनवव्या प्रतीचा असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आकाशातले आपल्या ओळखीचे ठळक तारे बव्हंशी दूरगावचे श्रीमंत. शेजारपाजारची गरीब बटुताऱ्यांची वस्ती मात्र आपल्या नजरेतच येत नाही. 1916 मध्ये एडवर्ड बार्नार्ड यांनी जुन्या आणि नव्या छायाचित्रांच्या काचपट्ट्या ताडून पाहिल्या, तेव्हा याची चाल ध्यानात आली: वर्षाला 10.4 विकला, जवळजवळ सरळ उत्तरेकडे. चंद्रबिंबाएवढे अंतर कापायला त्याला पावणेदोनशे वर्षे लागतील. हे फार संथ वाटते, पण एक मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर चार मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला तर वर्षभरात तारा बारा-तेरा पिक्सेल सरकलेला दिसतो. त्यासाठी वेधशाळा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. 2013 मध्ये सोडलेल्या युरोपच्या गाया उपग्रहाने ताऱ्यांची स्थाने विकलेच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म मोजली. मग घाटावरच्या गच्चीतून नवे काय कळणार? विज्ञानाला काहीच नाही, हे मान्य करून टाकावे. पण उत्तर आधीच ठाऊक असणे हीच इथे सोय आहे. आपले मोजमाप कितपत भरवशाचे, हे ज्याच्याशी ताडून पाहता येईल असा आकडा हौशी माणसाला क्वचितच मिळतो.

दुसरा आक्षेप पावसाचा. हा तारा जूनमध्ये मध्यरात्री माथ्यावर येतो आणि नेमके तेव्हाच आभाळ भरते. पण निजगतीसाठी, म्हणजे ताऱ्याच्या या वार्षिक चालीसाठी, वर्षातून एकदा, समजा दर एप्रिलमध्ये, टिपले तरी भागते. अंतर काढायचे तर लंबन, म्हणजे पृथ्वीची जागा बदलल्याने ताऱ्याचे भासणारे सरकणे, मोजायला हवे; त्यासाठी लागतात पृथ्वी आपल्या कक्षेच्या दोन टोकांना असतानाची छायाचित्रे. इथे निसर्गाने मेहेरबानी केली आहे. या ताऱ्याचे लंबन मार्चच्या उत्तरार्धात एका टोकाला आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात दुसऱ्या टोकाला असते. मार्चमध्ये तो पहाटे उंच सापडतो. दुसऱ्या टोकाला पाऊस रेंगाळला तरी ऑक्टोबरच्या आरंभीची संध्याकाळ चालते. शिवाय निजगती उत्तर-दक्षिण आणि लंबनाचा मोठा भाग पूर्व-पश्चिम, त्यामुळे दोन्ही एकमेकांत गुंतत नाहीत. पूर्व-पश्चिमेचा हा झोका जेमतेम 1.1 विकलांचा, म्हणजे पिक्सेलभराचा असतो. पण ताऱ्याच्या ठिपक्याचा मध्य पिक्सेलच्या अंशापर्यंत काढता येतो, आणि बऱ्याच छायाचित्रांची सरासरी घेतली की त्यातून सहा प्रकाशवर्षांच्या आसपासचा आकडा निघू शकतो.

खरा कठीण आक्षेप निराळाच आहे: एवढ्या बारीक मापात उपकरणच फसवते. अमेरिकेतल्या स्प्राउल वेधशाळेत पीटर व्हॅन द काम्प यांनी वर्षानुवर्षांच्या काचपट्ट्यांवर चालीत दिसलेल्या बारीक डोलावरून 1963 मध्ये याच ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे जाहीर केले. पुढे 1973च्या सुमारास इतरांच्या मोजमापांत तो डोल आढळेना, आणि त्याच दुर्बिणीच्या भिंगात केलेले फेरफार त्यामागे असल्याचे दिसून आले. (2024 मध्ये ग्रह सापडला खरा, पण तो निराळा आणि निराळ्या पद्धतीने.) तेव्हा हौशी माणसाने दुर्बीण आणि कॅमेरा बदलू नये, तेच संदर्भतारे दर वेळी धरावेत आणि लाल फिल्टर लावावा, कारण वातावरण निळा प्रकाश लालपेक्षा जास्त वाकवते आणि तांबड्या ताऱ्याच्या शेजारी निळसर संदर्भतारे असले की खोटे सरकणे दिसते. मूळ फाइली तर जपून ठेवाव्यातच. पहिल्या वर्षी अंतर चार किंवा नऊ प्रकाशवर्षे निघाले, तर गफलत कुठे झाली हे शोधायला त्याच लागतील.