दगडी पाल्यास अनावृत पत्र

प्रिय दगडी पाल्या,



कुणी तुला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. नाव कुठलंही घातलं तरी पत्र पोचेल. बांधावर, फुटपाथच्या फटीत, गच्चीतल्या कुंडीत, तू नाहीस कुठे?

तू मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाचा, मेक्सिकोकडचा. लिनियसने 1753 साली तुझं शास्त्रीय नाव छापलं. चरक-सुश्रुतांच्या काळी तू या मातीत नव्हतासच, मग त्यांच्या ग्रंथांत येणार कुठून? तरी निंदताना बोटाला विळा लागला की बायका आधी तुलाच शोधतात. पाला तळहातावर चुरगळायचा, रस जखमेवर पिळायचा, चोथा दाबून वर चिंधी बांधायची. चांगलं चुरचुरतं, पण रक्त थांबतं. जुवाने बैलाचा खांदा सोलवटला तरी हाच पाला. कुठून तरी आलेल्या या तणाचा रस पहिल्यांदा आपल्या वाहत्या जखमेवर पिळून बघणारं कुणीतरी असणारच, आणि ते बहुधा शेतात राबणारंच. औषधाच्या डबीवर ऋषिमुनींचं चित्र छापणाऱ्यांची तू मोठी पंचाईत केली आहेस. प्रयोगशाळा फार उशिरा आल्या. 1980च्या दशकात भारतातल्या संशोधकांनी तुझा अर्क उंदरांच्या जखमांवर तपासला. बायकांनी त्यांची वाट पाहिली नव्हती.

एक तक्रार आहे. माका म्हणून तुला केसांच्या तेलात ढकलणारे लोक आहेत. माक्याला ओल लागते, त्याचं फूल बारीक, पांढरं, आखूड देठाचं. तू कोरड्या मुरमाडातही फुलतोस. लांब दांडीच्या टोकाला एकच फूल, मध्ये पिवळं, कडेला मोजक्या फिकट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. एवढं बघायला कितीसा वेळ लागतो!

आता स्पष्टच लिहितो. खरचटलं, कापलं, इतपत तुझं राज्य. गंजका खिळा खोल रुतला तर तिथे तुझं काम नाही. जखम धुवायची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. शिवाय हल्ली बांधावर तणनाशक मारतात. तसल्या बांधावरचा तुझा पाला मी तरी उघड्या जखमेला लावणार नाही. राग मानू नकोस.

तुझा,
एक माळी