एका खासदाराच्या वाट्याला किती माणसं?

लोकसभेतले खासदार वाढवावेत की नाही? हा विषय निघाला की वाद राज्याराज्यांचा होतो आणि मतदार बाजूलाच राहतो. मी जुनी मास्तरीण, म्हणून आधी गणित मांडून पाहिलं.

आपल्या मूळ घटनेत साडेसात लाख लोकांमागे निदान एक खासदार असावा, असं म्हटलं होतं. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा हेतू. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. १९७१ साली आपण ५५ कोटी होतो, २०११ साली १२१ कोटी. २०२४ ची निवडणूक मात्र ५४३ जागांसाठीच झाली. म्हणजे एका खासदारामागे दहा लाख माणसं होती, ती बावीस लाख झाली. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात ६५० सभासद आहेत. तिथे हाच आकडा लाखभर.

वर्गात चाळीस मुलं असली की प्रत्येकाची वही तपासून होते. ऐंशी झाली की पहिल्या बाकावरची आणि दंगा करणारी, एवढीच लक्षात राहतात. मधल्या बाकांवरचं गप्प मूल वर्षभर तसंच बसून राहतं. बावीस लाखांत ती मधली बाकं किती असतील!

माझा भाचा म्हणतो, "मावशी, आहेत तेच गोंधळ घालतात, आणखी कशाला?" त्याचं अगदीच चूक नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. मग पाचशे हात वर झाले काय नि आठशे काय! पण तो दोष त्या कायद्याचा आहे, संख्येचा नाही. आणि खासदाराचं निम्मं काम तर मतदारसंघातच असतं.

खरी अडचण वाटणीची आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे केरळात एका खासदारामागे सुमारे १७ लाख माणसं, राजस्थानात २७ लाख. नुसत्या लोकसंख्येवर जागा वाटल्या तर ज्यांनी देशाचं ऐकलं त्यांचाच आवाज बारीक होणार. मला वाटतं, सगळ्या राज्यांच्या जागा सारख्याच प्रमाणात, दीडपट कराव्यात. एकूण साधारण ८१५ होतील. २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनात लोकसभेसाठी ८८८ आसनं आहेत, म्हणजे बसायला जागा आहे. राजस्थानी मतदाराचं मत तरीही केरळच्या मतापेक्षा हलकंच राहील, हे कबूल. पण त्याच्या खासदारामागची माणसं २७ लाखांवरून १८ लाखांवर येतील, आणि केरळचंही काही हिरावलं जाणार नाही.

पूर्ण न्याय यात कुणालाच नाही, थोडा थोडा सगळ्यांना आहे. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. आणि त्याआधी आपल्या मतदारसंघात माणसं किती, तेवढं मात्र बघून घ्या.