बैठकीचा प्रश्न!

सायकल घेताना आपण काय काय बघतो? गिअर किती, फ्रेम कसली, डिस्क ब्रेक आहेत का, रंग कुठला... फोटोत कशी दिसेल हेसुद्धा बघतो! पण सायकलवर असताना आपला सगळा भार जिच्यावर असतो, त्या सीटबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. कारण सरळ आहे. सीटबद्दल बोलायचं म्हणजे आपल्या बुडाबद्दल बोलावं लागतं. आणि ते चारचौघांत कसं बोलायचं?

मी बोलणार आहे. कारण निव्वळ सीटपायी माझी सायकल विकायला निघाली होती.

मी फ्रीलान्स जर्नलिस्ट. म्हणजे स्वतःचं ऑफिस नाही, पण दुसऱ्यांच्या ऑफिसांत सतत चकरा. आज कॅम्पात इंटरव्ह्यू, उद्या औंधला प्रेस कॉन्फरन्स. कोथरूडहून हे सगळं स्कूटरवर करायचं तर मानधनातला मोठा वाटा पेट्रोलपंपावरच ठेवून यावा लागतो. म्हणून हायब्रिड सायकल घेतली. पहिले काही आठवडे सॉलिड मजा! मग अंतरं वाढली आणि त्रास सुरू झाला. पंचविसेक मिनिटं झाली की मुंग्या, आणि उतरल्यावर चक्क बधिरपणा. समोरचा माणूस शहराच्या विकास आराखड्यावर तळमळीने बोलतोय आणि मी खुर्चीच्या कडेवर तिरकी बसून वहीत रेघोट्या मारतेय, असे सीन व्हायला लागले.

मैत्रिणी म्हणाल्या, ‘सवय होईल गं.’ सायकलच्या शोरूममधल्या मुलाने माझ्याकडे न बघता, मागच्या चाकाकडे बघत सांगितलं, ‘मॅडम, लेडीज सीट येते ना... जेलवाली, मोठी.’ शेवटी माझ्या डॉक्टरबाईंनी विषयाला हात घातला. त्या म्हणाल्या, ‘दुखण्याची एक वेळ सवय होते. बधिरपणाची सवय करून घ्यायची नसते. तिथल्या नसा दाबल्या जातायत. सीट बदल, नाहीतर सायकल सोड.’

सायकल सोडायची नव्हती. मग उरली सीट!

पाटावर बसा, कळेल

बसताना आपला भार दोन हाडांवर यायला हवा. कडक पाटावर मांडी घालून बसलं की खाली जी दोन टोकं टोचतात ना, तीच ही हाडं. सीट फार अरुंद असेल तर हाडं दोन्ही बाजूंनी बाहेर राहतात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. मऊ जेलच्या सीटवर वेगळी गंमत होते. हाडं आत रुततात आणि मधला जेल वर येऊन नको तिथे दाबतो. पाच मिनिटं बसायला गादी झकास, तासभर बसायला वैताग!

चामड्याच्या सीटचं तंत्र अगदी उलटं आहे. तिच्यात फोम नाही, जेल नाही, काहीच नाही. जाड चामड्याचा एकच तुकडा लोखंडी सांगाड्यावर पुढून-मागून रिव्हेट मारून ताणलेला असतो. थोडक्यात, बाजेसारखा. आपण बसलो की तो किंचित खाली झोल खातो आणि हळूहळू आपल्या हाडांपाशी दबत जातो.

हे मला समजावलं बाबांनी, आणि तेही दोन शब्दांत. ‘कोल्हापुरीच गं!’ नवी कोल्हापुरी आधी चावते, फोड आणते. मग एक दिवस ती तुमच्या पायाची होऊन जाते, दुसऱ्या कुणाला घालताच येत नाही. चामड्याच्या सीटचं अगदी तसंच. कोल्हापुरीसारखंच हे चामडंही झाडांच्या सालीतल्या वगैरे टॅनिनने कमावलेलं असतं, म्हणून ते अंगाचा आकार घेतं.

बाबांना हे ठाऊक होतं, कारण ऐंशीच्या दशकात ते काळ्या सायकलवरून पिंपरीला कंपनीत जायचे. ती सायकल अजून आमच्या पार्किंगमध्ये आहे. स्प्रिंगवाली, चामड्याची सीट, घासून घासून काळीभोर झालेली. मध्ये दोन स्पष्ट खळगे. गुडघ्यांमुळे त्यांचं सायकल चालवणं आता बंद आहे. ते म्हणाले, ‘माझीच काढून लाव की.’ मी बसून बघितलं. खळगे त्यांच्या हाडांचे, माझ्या नव्हेत. ऑपरेशनआधी एकदा त्यांनीही सीटवर नुसता हात फिरवला आणि म्हणाले, ‘राहू दे हिच्यावरच.’ मी तो विषय तिथेच सोडला.

सायकल तशी सीट

चामड्याच्या सीटमध्ये सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे इंग्लंडची ब्रुक्स. बर्मिंगहॅममध्ये 1866 साली जॉन बोल्टबी ब्रुक्सने घोड्यांचे साज आणि चामड्याच्या वस्तू बनवायला सुरुवात केली. कंपनीची लाडकी गोष्ट अशी, की त्याचा घोडा मेला, म्हणून तो सायकलवर बसला, आणि ती बैठक इतकी टोचली की त्याने स्वतःच नवी बनवायला घेतली. 1882 मध्ये सीटचं पहिलं पेटंट आलं. 2002 पासून कंपनी इटलीच्या सेल्ले रॉयलकडे आहे. तिचं बी-17 हे मॉडेल शंभरहून जास्त वर्षं चालू आहे!

पण नाव बघून सीट घ्यायची नाही. आधी आपण सायकलवर बसतो कसे, ते बघायचं. नियम सोपा आहे. पाठ जितकी ताठ, तितकी सीट रुंद. पाठ जितकी वाकलेली, तितकी अरुंद.

बाबांच्या काळ्या सायकलसारखी किंवा पुढे बास्केट लावलेली सिटी बाइक असेल, तर आपण ताठ बसतो आणि सगळा भार मागे येतो. तिथे वीस-एकवीस सेंटिमीटर रुंद आणि खाली स्प्रिंग असलेली सीट हवी. ब्रुक्सची बी-66 किंवा बी-67 या जातीची. दोन्हींमध्ये मुख्य फरक दांड्यावर बसवायच्या जोडणीचा. बी-66 जुन्या क्लॅम्पसाठी, बी-67 आजच्या सीटपोस्टसाठी. खरेदीआधी सायकलवाल्या काकांना हे दाखवाच, नाहीतर सीट घरी येते आणि बसतच नाही.

हायब्रिड किंवा टूरिंग सायकलवर हँडल साधारण सीटच्या उंचीला असतं, आपण थोडे पुढे झुकतो. इथे बी-17, रुंदी साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास. पुण्याच्या स्पीडब्रेकर्सना कंटाळला असाल तर तीच सीट स्प्रिंगसह ‘फ्लायर’ म्हणून मिळते. हँडल खूप खाली असलेल्या रोड बाइकवर स्विफ्ट किंवा स्वॅलोसारखी निमुळती सीट लागते, नाहीतर मांड्या घासतात. आणि चिखलाच्या पायवाटांवर एमटीबी उडवणार असाल, तर चामड्याच्या नादाला लागूच नका.

आता मुलींसाठी. ‘लेडीज सीट’ या दोन शब्दांवर विसंबून राहू नका. बायकांच्या या हाडांमधलं अंतर सरासरीने थोडं जास्त असतं हे खरं, पण सरासरी काही सायकल चालवत नाही! मोजा. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा कडक खुर्चीवर ठेवा, बसा, सायकलवर झुकता तेवढं झुका. उठल्यावर दोन खळगे दिसतील, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या. माझं तेरा सेंटिमीटर आलं. सीट त्याहून बऱ्यापैकी रुंद हवी, कारण चामड्याच्या सीटची मागची कड लोखंडी असते आणि हाडं त्या कडेवर आली की संपलंच!

तेल किती पाजायचं?

मी बी-17 घेतली. किंमत ऐकून आईने कपाळावर हात मारला. तेवढ्यात साधी नवी सायकल आली असती, आणि ते खरंच आहे. पहिले दोन-तीन आठवडे ती पाटासारखी कडक होती. पण एक फरक पहिल्या दिवसापासून होता. दुखत होतं ते हाडांपाशी, मध्ये नव्हे. मुंग्या यायच्या थांबल्या. सीटचं नाक थोडं वर-खाली करून नेमका कोन सापडायला आणखी आठवडा गेला. चामड्याच्या सीटचं नाक सपाट किंवा अगदी किंचित वर ठेवतात. ते खाली झुकलं की माणूस पुढे घसरत राहतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. चारेकशे किलोमीटरनंतर माझे स्वतःचे दोन खळगे उमटले. त्या दिवशी कॅम्पातल्या इंटरव्ह्यूला मी खुर्चीत चक्क टेकून बसले होते!

बाबा खोबरेल तेलाची बाटली घेऊन तयार होते. त्यांना थांबवलं. कोल्हापुरीला तेल पाजतात, पण इथे चामडं ताणलेलं आहे. जास्त तेल प्यायलं की ते मऊ पडून झोळीसारखं लोंबतं. कंपनीचं चरबी आणि मेणाचं मलम मिळतं, ते अधूनमधून पातळ हाताने लावायचं. नाकाखाली ताण वाढवायचा नट असतो. सीट खरोखर सैल झाली तरच पान्याने थोडासा फिरवायचा, रोजचा चाळा नको.

पावसाळा हा खरा शत्रू. भिजलेल्या सीटवर बसलात तर तिचा आकार बिघडतो, आणि बंद पार्किंगमध्ये तशीच ठेवलीत तर बुरशी येते. माझ्या सीटखाली कायम एक शॉवर कॅप खोचलेली असते. दिसते भयंकर, चालते झकास. आणखी दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. ही सीट साधारण अर्धा किलोची, स्प्रिंगची तर त्याहून जड. आणि हे चामडं गाईबैलांचं. ते ज्यांना नको असेल, त्यांच्यासाठी ब्रुक्सचीच रबर आणि सुती कापडाची ‘कॅम्बियम’ आहे. तिला पावसाचं भय नाही, मुरवायची भानगडही नाही.

सगळ्यांनी चामड्याचीच सीट घ्यावी, असं माझं अजिबात म्हणणं नाही. साध्या सीटवर मजेत असाल तर पैसे वाचवा. पण मुंग्या येत असतील, बधिर होत असेल आणि लाजेखातर गप्प बसला असाल, तर प्लीज, बोला. डॉक्टरशी बोला, सायकलवाल्या काकांशी बोला. ते मागच्या चाकाकडे बघत उत्तर देतील, देऊ देत!

तोवर रद्दीतून एक पुठ्ठा शोधा आणि बसा त्यावर. पुढचं पुढे.