तारांचा जमाखर्च

गिरगावातून धोबीतलावाकडे पायी जाणाऱ्या माणसाला पाश्चात्त्य वाद्यांचे जग भेटल्यावाचून राहत नसे. 1865 साली स्थापन झालेल्या फुर्टाडो यांच्या पेढीचे नाव, कावेलच्या गल्लीतून कानी पडणारा व्हायोलिनचा सराव, आणि गोव्याहून उदरनिर्वाहार्थ आलेल्या वादकांना आश्रय देणारे कूड, या सर्वांच्या सान्निध्यामुळेच, पेटी-तबल्याखेरीज अन्य वाद्यास आमच्या घरात प्रवेश नसतानाही, मला गिटारचा छंद जडला.

खिशाची अवस्था मात्र कारकुनाच्या मुलाला साजेशी होती. त्यामुळे तुटपुंजी रक्कम नेमकी कशावर खर्चावी, हा पुढे आयुष्यभर सोबत राहिलेला प्रश्न तेव्हाच उभा राहिला. बहुतेक लोक ती चकाकीवर खर्चतात. माझे मास्तर, म्हणजे चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवून कूडात राहणारे एक वयोवृद्ध गोमंतकीय वादक, निराळ्या मताचे होते. जुन्या मालाच्या दुकानात त्यांनी पॉलिशकडे ढुंकूनही पाहिले नाही. सुतार फळीचा बाक पारखतो त्याप्रमाणे एक डोळा मिटून त्यांनी गिटारच्या मानेवरून नजर फिरवली, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून खरखर कोठे उठते ते ऐकले, खुंट्या घसरतात की काय याची खात्री केली, आणि अखेर कलकत्त्यास बनलेल्या एका ओबडधोबड, प्लायवूडच्या वाद्यास मंजुरी दिली.

स्वस्त गिटारचा खरा दोष तिच्या नादापेक्षा तारांच्या उंचीत असतो, हे त्यांचे मत मला आजही ग्राह्य वाटते. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार 2.5 मिलिमीटरच्या आसपास असावी. ती 4 मिलिमीटरवर तरंगू लागली, की बोटे सोलून निघालेला नवशिका आपल्या अंगी संगीतच नाही असा निवाडा देऊन मोकळा होतो. मास्तरांनी घोडीतील पट्टी काढली आणि काचेवर पसरलेल्या पॉलिशपेपरवर तिचा तळ सावकाश घासला. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे तेथे 1 मिलिमीटर उतरवण्यासाठी पट्टी 2 मिलिमीटर झिजवावी लागते, हा समरूप त्रिकोणांचा व्यवहार त्यांनी भूमितीचे नावही न घेता मला दाखवला. नंतर बारीक मापाच्या तारा चढल्या. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलोपर्यंत जातो. बारीक तारांनी तो उतरतो, बोटांना दिलासा मिळतो आणि वाद्याच्या मानेलाही. याउलट, नायलॉनच्या तारांसाठी घडवलेल्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा ओढण्याची काटकसर करणारे महाभाग मी पाहिले आहेत. घोडी उखडून हाती येणे, हेच त्या काटकसरीचे फलित.

उंच तारांनाही एके काळी प्रतिष्ठा होती, हे येथे नमूद केले पाहिजे. मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांड्याने वाजवायच्या हवाईयन गिटारला ती उंची आवश्यकच असते, आणि स्नेहसंमेलनांतून चित्रपटगीते आळवणाऱ्या त्या वाद्याचा त्या काळी मोठा बोलबाला होता. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला ब्रिजभूषण काब्रांची गिटार ऐकल्यावर तर, बोटांना निरुपयोगी ठरलेली कित्येक वाद्ये आमच्या परिसरात आडवी झाली.

शिक्षणसाहित्याच्या बाबतीत मास्तर याहूनही कंजूष. कार्कासीच्या 1836 च्या अभ्यासक्रमाची एक जीर्ण प्रत त्यांच्यापाशी होती. तिच्यातील पाठ ते मला वहीत उतरवून घ्यायला लावीत, कारण स्वहस्ते लिहिलेला स्वर बोटांना लवकर ओळखू येतो अशी त्यांची धारणा. बर्ट वीडनचे ‘प्ले इन अ डे’ हे 1957 चे पुस्तक मी रस्त्यावरील विक्रेत्याकडून आणले, तेव्हा त्याच्या नावावरच ते मनसोक्त हसले. वास्तविक इंग्लंडातील कित्येक नामांकित वादकांनी त्यातूनच आरंभ केला होता. पुस्तकापेक्षा स्वरकाट्यावर खर्च करावा, असा त्यांचा आग्रह असे. 440 कंपनांचा तो काटा गुडघ्यावर आपटून गिटारच्या अंगाला टेकवावा, पहिली तार पाचव्या फ्रेटवर त्याच्याशी जुळवावी आणि उरलेल्या तारा केवळ कानाने मिळवाव्यात. तेच काम आता मोबाइल फुकटात करतो. कानाची तालीम मात्र त्यात होत नाही, असे माझे प्रांजळ मत आहे.

नोकरीनिमित्त नागपुरास बदली झाली, तेव्हा प्लायवूडची किंमत कळली. तेथील उन्हाळ्यात एका सहकाऱ्याच्या सलग लाकडाच्या महागड्या गिटारची मान आक्रसून फ्रेटची टोके बाहेर आली आणि तळहात ओरबाडू लागली. माझे कलकत्त्याचे दरिद्री वाद्य, मुंबईच्या पावसात फुगले नव्हते तसेच, त्या उन्हातही अविचल राहिले. नादात ते सहकाऱ्याच्या गिटारपुढे फिके होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी ठाण्याच्या पुतणीने गिटारचा हट्ट धरला. तिच्या वडिलांनी काढून ठेवलेल्या रकमेपैकी निम्म्याहून थोडी अधिक वाद्यावर, त्यानंतर घोडी-नट उतरवून घेण्याची मजुरी, बारीक तारांचे दोन संच, दोन सुट्या पहिल्या तारा, एक कॅपो, आणि उरलेले सर्व शिक्षकाच्या शुल्कासाठी, अशी तजवीज मी करून दिली. स्वरकाटा माझाच दिला. त्याच गिटारला इलेक्ट्रिक पिकअप बसवण्याबद्दलचा तिचा अर्ज मात्र, चारचौघांत वाजवण्याजोगे एक तरी गाणे तयार होईपर्यंत, मी दप्तरी दाखल करून ठेवला आहे.