नावं राहिलीत, बाई

प्रिय बाई,

तू पाठवलेला नकाशा मिळाला. एवढा मोठा कागद इथे छापून मिळत नाही, म्हणून भंडाऱ्याहून छापून आणला आणि ओसरीच्या भिंतीला लावला. तुझी मोठी आई येता-जाता त्यापुढे थांबते. कोंढा-कोसऱ्याची घरं, भंडारा-पवनी रस्ता, दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, मधूनमधून निळे तलाव आणि छोट्या बोड्या. किती निगुतीनं काढलंस ग! एका बांधीची रेषा दुसरीला बरोबर भिडली आहे, कुठे फट नाही, कुठे एकावर एक चढलेली नाही. हैदराबादच्या ऑफिसात दिवसभर परक्या शहरांच्या गटारांच्या नळ्या आखणारी पोर सुट्टीच्या दिवशी आपल्या गावाचा नकाशा घेऊन बसते, याचं मला फार कौतुक वाटलं. ते आधी सांगतो, कारण पुढे रागावणार आहे.

इतके तलाव काढलेस, आणि एकाचंही नाव लिहिलं नाहीस? ‘जलाशय १’, ‘जलाशय २’, ‘जलाशय ३’! एका खात्याच्या नकाशावर मी हेच पाहिलं होतं तेव्हा तुला फोन करून किती तणतणलो होतो, आठवतं ना? तू म्हणालीस, मोठे बाबा, त्यांना काय माहीत. खरंच, त्यांना माहीत नव्हतं. पण तुला? तू त्या पाळीवर वाढलीस. तलावाचं पाणी सोडणारे आबाजी तुडुमाची खुंटी काढायला निघाले की त्यांच्या मागे पळत जायचीस, आणि पाण्याचा पहिला लोंढा पाटात उतरला की टाळ्या पिटायचीस. सलंगावरून पाणी पडायला लागलं की घरी बातमी घेऊन कोण यायचं? नकाशावर ना तुडुम आहे, ना सलंग, ना पाट. नुसतं निळं रंगवलेलं पोट आहे.

मी हे बोलू शकतो, तेही तुझ्यामुळेच. शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, पण खडूनं फळ्यावर काढलेल्या महाराष्ट्रापलीकडे माझा हात गेला नव्हता. निवृत्तीनंतर तू तुझा जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवलास आणि त्यात नकाशे काढायचं क्यूजीआयएस घालून दिलंस. मी विचारलं, याचे पैसे किती? तू हसलीस. अलास्कातल्या गॅरी शर्मन नावाच्या माणसानं २००२ साली ते सुरू केलं, आणि आजही कोणीही फुकट घ्यावं, वापरावं, दुरुस्त करावं, हे मला तुझ्याकडून कळलं. मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियलचे धडे तूच लावून दिलेस. हे एवढं तू माझ्यासाठी केलंस, त्याबद्दल मी कधी नीट आभार मानले नाहीत. आपल्या घरात अशी पद्धत नाही. या पत्रात मानतो.

पहिल्याच दिवशी तू सांगितलंस, मोठे बाबा, आपण जगाच्या नकाशातल्या ४४ व्या पट्ट्यात येतो, पुण्या-मुंबईचे लोक ४३ मध्ये. अंश मोजून जमिनीचं क्षेत्रफळ निघत नाही, मीटरमध्ये मोजायचं तर आपला पट्टा निवडावा लागतो. आणि त्या दोन पट्ट्यांची शीव कुठे? ७८ अंश पूर्व रेखांशावर! यवतमाळ अलीकडे, अमरावती पलीकडे. ऐकल्याबरोबर मला विल्यम लॅम्ब्टन आठवला. १८०२ साली मद्रासपासून त्यानं मोजणी सुरू केली. पुढे त्या मोजणीचा कणा याच ७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेला. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट माणसांच्या बळावर डोंगरावर चढवायचे. १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर असताना तो आपल्या हिंगणघाटला वारला, तिथेच त्याला पुरलं. इतकी वर्षं वर्गात मी त्याचं नाव घेतलं, पण तो आपल्या इतक्या जवळ झोपला आहे आणि त्याची रेषा आजही आपल्या लॅपटॉपात आहे, हे तुझ्यामुळे मला उमगलं.

पण लॅम्ब्टनच्या लोकांनी कोन मोजले. आपल्या बांध्या मोजल्या त्या साखळी ओढणाऱ्यांनी, मध्य प्रांताच्या बंदोबस्तात. सोळा इंचाला एक मैल या मापाचा जुना गावनकाशा तू स्कॅन करून बसवलास, तेव्हा मी शेजारी होतो. ठिकाणं जुळवताना तू म्हणालीस, सगळे बिंदू गावठाणात नकोत, चारी कोपऱ्यांना पसरलेले हवेत, नाहीतर मधला भाग जुळेल आणि शीव भलतीकडे जाईल. कागद शंभर वर्षांत आक्रसतो, आणि उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी सारखा आक्रसत नाही. मी शिवेचा दगड दाखवला, तू देऊळ शोधलंस, पांदणीची तिहाटी आपण दोघांनी मिळून पटवली. जुनी शाई आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांवर बसलं, तेव्हा तू माझा हात घट्ट धरला होतास. तुझ्या शिक्षणावर झालेला सगळा खर्च त्या क्षणी वसूल झाला, असं मी तुझ्या बाबाला नंतर सांगितलं. तो काही बोलला नाही, पण उठून चहा करायला गेला. तुझा बाप स्वतःहून चहा कधी करतो, तूच सांग.

मग ही नावं का राहिली? मला वाटतं, तू नकाशा पडद्यावरून काढलास. उपग्रहानं जे निळं सांगितलं ते तू निळं केलंस. आपल्या भागात हे चालत नाही, बाई. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातो, दहा मीटरचा तुकडा वेगळा दाखवतो, हे सगळं खरं. पण पावसाळ्यात त्याला ढगच दिसतात. श्रावणात कधी उघडीप मिळालीच, तर रोवणी झालेल्या बांध्यांत पाणी उभं असतं आणि सॉफ्टवेअर अख्ख्या शिवाराला तलाव म्हणतं. उलट ज्या बोडीत बेशरमाची झुडपं माजली आहेत, तिथे पानांखाली पाणी असूनही ते जमीन सांगतं. तुझ्या नकाशात गावाच्या खालच्या अंगाची बोडी गायब आहे, ती याच कारणानं. आणि शेजारच्या तीन बांध्या मिळून एक तलाव झाला आहे. तुझी मोठी आई पहिल्याच दिवशी म्हणाली, इथे तर आम्ही धानाचे पऱ्हे टाकतो, हा तलाव कधी झाला?

उंचीचंही तसंच. २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानानं ११ दिवसांत जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. त्यातून तू उताराच्या रेषा काढल्यास, सुंदर तपकिरी रंगात. पण तीस मीटरच्या एका चौकोनाला एकच उंची. पुरुषभर उंचीची पाळ त्यात कुठे दिसणार? त्या मोजणीची चूकच काही मीटरची असते. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी पाणी कुठून येईल, कुठे थांबेल, कुठून वाहून जाईल हे डोळ्यांनी ताडून पाळी घातल्या. वरच्या तलावाचं जादा पाणी खालच्यात, खालच्याचं बोडीत, असं शिवारभर. नवेगावबांध बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळींचं नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत. बाकीचे कोणी बांधले? त्यांची नावं कुठे आहेत? ती तलावांच्या नावांतच असतील, तर तीही आपण ‘जलाशय ३’ म्हणून पुसायची का?

मालगुजारांची मालकी १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारकडे आले. शंभर हेक्टरपर्यंत पाणी देणारे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्याकडे. गावकऱ्यांच्या वापराचे, निस्ताराचे हक्क कागदावर आले. पण तुडुम कधी उघडायचं, पाटाचा गाळ कोणी काढायचा, कोणाच्या बांधीला पाणी आधी जायचं, हे ज्या माणसांना ठाऊक होतं ती माणसं कोणत्याही खात्याकडे गेली नाहीत. ती गावातच म्हातारी झाली. आबाजी गेले तेव्हा तू परीक्षेत होतीस. किती गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या, हे मला तुझा नकाशा पाहताना कळलं. पाट कुठून कुठे जायचा हे मी सांगू शकतो, पण त्याला कुठे फाटा होता आणि तो का बुजला, हे त्यांनाच माहीत होतं.

आणि नुसते म्हातारेच नाहीत. तलावाच्या पोटात कुठे खोल आहे, मासळी कुठे बसते, हे ढिवरांना विचार. पाणी उतरल्यावर कोणत्या काठाला देवधान उगवतं, कमळाचे कांदे कुठे मिळतात, हे बायकांना विचार. तुझ्या त्या नकाशात तलाव म्हणजे एक बहुभुज. त्याच्या आतलं काहीच नाही.

आता मांडणीबद्दल. तू ऑफिसातल्या सवयीनं सात-आठ रंग वापरलेस, पडद्यावर ते शोभतात. पण ग्रामसभेत हा नकाशा झेरॉक्स होऊन जाणार. मी काढून पाहिली. तलाव, झुडपी जंगल आणि गावठाण तिन्ही एकाच राखाडीत गेले. तलावाला ठिपके किंवा आडव्या रेघा दे, जंगलाला वेगळी खूण दे, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातही टिकेल. रस्त्याच्या वळणावर तू नाव वाकवून बसवलं आहेस, त्यात शिरोरेषा तुटली आहे आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली आहे. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना वाकणं सोसतं. आपली अक्षरं एकमेकांना धरून असतात. नाव सरळ ठेव, हवं तर थोडं तिरकं. आणि शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा बाइटांत बसवावं लागतं, देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, म्हणून तू सगळे रकाने इंग्रजीत केलेस, हे मला समजतं. पण जिओपॅकेजमध्ये ती अडचण नाही ना? तूच मला सांगितलं होतंस.

आणखी एक. उत्तर वर ठेवण्याचा हट्ट तुझा. पण भिंतीवरचा नकाशा पाहायला जे येतात, ते सगळे मान वाकडी करतात. भंडाऱ्याकडून येणारा रस्ता त्यांना पायाशी हवा असतो. कोऱ्या कागदावर मी देऊळ, शाळा आणि आखर काढून दिलं, तेव्हा एकानं लगेच पाटाचा बुजलेला फाटा बोट ठेवून दाखवला. शासकीय प्रत उत्तर वर ठेवून कर, गावासाठीची आपल्याला हवी तशी फिरव. सॉफ्टवेअरमध्ये ते एका आकड्याचं काम आहे.

तू म्हणशील, एवढं सगळं कशासाठी? गोसेखुर्द धरणाचा पाया १९८८ साली घातला गेला. पुढे पाणी अडलं तेव्हा आपल्याच तालुक्यातली गावं उठली. लँडसॅट उपग्रहाची जुनी चित्रं तू मला उघडून दाखवलीस, त्यात ती गावं पुसट ठिपक्यांसारखी आहेत. ठिपका दिसतो. विहीर कोणाची, आंबा कोणाचा, कोणत्या बांधीत कोणाची वाटणी, हे त्यात नाही. तेव्हा गावाकडे स्वतःचा नकाशा असता तर मोबदल्याच्या टेबलापुढे माणसं इतकी मुकी झाली नसती, असं मला पक्कं वाटतं. आज आपल्या तलावांच्या पोटात कोणी ना कोणी बांध पुढे सरकवतो आहे. उद्या कोणी म्हणालं की इथे तलाव नव्हताच, तर दाखवायला काय आहे आपल्याकडे? २०२१ पासून केंद्र सरकारनं नकाशे करण्यावरची बरीच बंधनं काढली आहेत. परवानगीचं कारण आता उरलेलं नाही. करणाऱ्या माणसाचीच वाट आहे.

हैदराबाद सोडून ये, असं मी म्हणत नाही. तुझ्या पगारावर इथलं काय काय चाललं आहे ते मला माहीत आहे, आणि तू ते कधी बोलून दाखवत नाहीस हेही. पण मे महिन्यात सुट्टी काढ. तेव्हा पाणी उतरलेलं असतं, पाळीचा पाया दिसतो, जुन्या तुडुमाचे दगड उघडे पडतात, बेशरम वाळलेली असते. मोबाइलमध्ये क्यूफील्ड घालून आण, नकाशा त्यात भर. सकाळी उन्हं चढायच्या आत आपण पाळीपाळीनं फिरू. मी दोघा-तिघा म्हाताऱ्यांना सांगून ठेवलं आहे, एक ढिवर आजोबा आहेत, तुझी मोठी आईही येणार म्हणते. तू बिंदू टाक, नाव मी विचारतो. ज्याचं नाव कोणालाच आठवणार नाही, तिथली जागा रिकामी ठेवू, पण आकडा घालणार नाही.

जूनमध्ये पऱ्हे टाकायची घाई सुरू झाली की कोणाला वेळ नसतो, आणि त्या ढिवर आजोबांची तब्येत ठीक नाही. तिकीट लवकर काढ.

तुझे
मोठे बाबा
कोंढा