कुंपणावरचीं फुलझाडें

कुंपण फुलझाडांनीं सजवावयाचें म्हटलें, कीं मनुष्य प्रथम रोपवाटिकेची वाट धरितो. आमच्या मतें त्यानें आधीं वैशाख आठवावा. श्रावणांत रोपवाटिकेंतलें प्रत्येक रोप हिरवेंगार दिसतें. त्यांपैकीं कोणतें आपल्या कुंपणावर टिकेल, हें त्या वेळीं कळत नाहीं.

आमचें छत्रपती संभाजीनगर दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेलें. वर्षाचा पाऊस सुमारें 700 मिलिमीटर, आणि तोहि बहुतेक जून ते सप्टेंबर या 4 महिन्यांतच पडतो. मे महिन्यांत पारा 40 अंशांवर जातो. पाण्याची चिंता तर या गांवच्या पांचवीला पुजलेली. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें जमिनीखालून नहर खेळविली. आज पैठणच्या जायकवाडी धरणाचें पाणी येतें, तरी नळाकडे डोळे लावून बसण्याचे दिवस आम्हीं पुष्कळ काढिले आहेत. तेव्हां उन्हाळ्यांत कुंपणास किती पाणी देतां येईल, याचा हिशेब आम्हीं आधीं मांडिला. दिवसाआड 4 बादल्या, याहून अधिक नाहीं.

आमच्या एकत्र कुटुंबांत प्रत्येकाची मागणी निराळी. आजीस देवपूजेला बारमाही फुलें हवीं होतीं, वहिनींस रस्त्यावरील धुळीला आडोसा, आणि मुलांस रंग. आडोसा हवा म्हणजे झाड सदाहरित हवें. म्हणून हिवाळ्यांत बोडका होणारा देवचाफा प्रथमच गळाला.

खरा वाद कण्हेरीवरून झाला. भर उन्हांत, मुरमाड जमिनींत, थोडक्या पाण्यावर इतकें फुलणारें दुसरें झाड मिळणें कठीण. महामार्गांच्या दुभाजकांवर तिच्या रांगा दिसतात त्या याचकरितां. शिवाय महादेवास ती वाहतात, हें आजीचें म्हणणें. परंतु कण्हेरीचें मूळ, पान, फूल सारेंच विषारी, आणि तें विष हृदयावर घाला घालतें. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, बीहि तशीच घातक. आमच्या घरीं नुकतेंच चालूं लागलेलें, दिसेल तें तोंडांत घालणारें मूल. दिवसभर त्याच्यावर पाळत कोण ठेवणार? आजी क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, "महादेवाला बेल आहे कीं. कण्हेर नको." वाद तेथेंच मिटला.

मग पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूस बोगनवेल आली. ही मूळची दक्षिण अमेरिकेंतली. बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या नांवावरून तिचें नांव पडलें. जिला आपण पाकळी समजतों तें वस्तुतः रंगीत पान. खरें फूल त्याच्या आंत, लहानसें व पांढुरकें असतें. तिला पाणी फार घातलें तर पालाच माजतो. थोडी तहान लागली कीं बहर येतो. आमच्यासारख्यांस हा गुण मोलाचा. कांटे मात्र तीक्ष्ण, म्हणून फाटकापाशीं तिच्याऐवजीं मधुमालती लाविली. हिचीं फुलें सायंकाळीं पांढरीं उमलतात, मग गुलाबी व शेवटीं लाल होतात. वेलीचें ओझें फार, तेव्हां तार भक्कम हवी.

दोहोंच्या मध्यें कुंती. पानें दाट, कातरणी सोसणारी, आणि पावसाच्या सरींनंतर पांढऱ्या फुलांचा घमघमाट. ज्याच्या शेजारीं मोसंबीची बाग असेल त्यानें मात्र ती लावूं नये. मोसंबीस रोग पोंचविणारी एक कीड तिच्यावर पोसते. देवासाठीं जास्वंदीचीं 2 झाडें लाविलीं. त्यांस पाणी अधिक लागतें, म्हणून तीं स्वयंपाकघराच्या बाजूस. तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी त्यांनाच मिळतें.

रोपें लावण्याचा काळ जमीन पुरती भिजल्यावरचा. खड्डा 2 फूट खोल घ्यावा, मुरूम काढून टाकावा, चांगली माती व कुजलेलें शेणखत भरावें, बुडाशीं वाळल्या पाल्याचा थर द्यावा. आषाढांत लाविलेल्या झाडास कडक उन्हापूर्वीं मुळें धरावयास 7-8 महिने मिळतात. तरीहि पहिल्या उन्हाळ्यांत बादल्यांचा नेम चुकवूं नये.

आपापल्या घरचें पाणी, मुलें व देव यांकडे पाहून वाचकांनीं ही यादी खुशाल बदलावी; वैशाखाची परीक्षा मात्र प्रत्येक रोपास लावावी.